आमच्या गल्लीची रुंदी

मध्य प्रदेशातल्या सौंसरला आमच्या कॉलनीत एक महिला मंडळ आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याची कामं ठरलेली होती. गुरुवारचं भजन, संक्रांतीचं हळदीकुंकू, तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या लाकडी बैलांची सजावट, आणि भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी. मी मंडळाची सेक्रेटरी. म्हणजे कोणत्या गुरुवारी कोणाकडे बसायचं ते वहीत लिहून ठेवणारी. मुलींच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून मी रिटायर झाले होते, अक्षर बरं होतं, एवढ्यावर माझी निवड झाली होती. बोलायचं काम अध्यक्षीणबाईंचं.

अध्यक्षीणबाई माझ्या अगदी समोर राहतात. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला मॅडम. घरची संत्र्याची बाग, थोडी कपाशी, आणि आवाज असा की शेताच्या ह्या धुऱ्यावरून बोलल्या तर त्या धुऱ्यावरच्या माणसानं वळून पाहावं. माझं उलटं. एकतीस वर्षांच्या स्टाफ मीटिंगांत मी किती वेळा तोंड उघडलं असेल ते बोटांवर मोजता येईल. वर्गात खडू हातात असला की आवाज यायचा, मोठ्या माणसांपुढे जायचा.

आमची कॉलनी म्हणजे एकच सरळ गल्ली. एका जुन्या बागेचे प्लॉट पाडून झालेली. अकरा घरं इकडे, अकरा तिकडे, आणि गल्लीच्या शेवटी एक मोकळी जागा. ती जागा आमची नव्हती. गावातल्या एका मंडप-डेकोरेशनवाल्या व्यापाऱ्याची होती, आम्ही त्याला शेठ म्हणायचो. पण त्यानं कधी तारेचं कुंपण घातलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात तिथे कुरडया-पापड वाळायचे, सकाळी म्हातारी माणसं चक्कर मारायची, भुलाबाईची गाणी तिथेच व्हायची. बघता बघता आम्हाला ती आपलीच वाटायला लागली होती.

त्या जागेची बातमी आणली पटवारी काकांनी. काका माझ्या डाव्या हाताच्या घरात राहतात. पटवारी म्हणजे तलाठी; रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले आहेत, काठी लागते, पण गल्लीत सगळे अजून पटवारी काकाच म्हणतात. लोक पेपरात राशिभविष्य आधी बघतात, काका जाहीर सूचना बघतात. एका सकाळी पेपर घेऊन ते माझ्या फाटकाशी उभे राहिले.

"मॅडम, हे पाहा. गल्लीच्या शेवटी लग्नाचा लॉन येऊन राहिला."

सूचना हिंदीत होती. अमुक खसरा नंबरची जमीन 'आवासीय से वाणिज्यिक', म्हणजे राहण्याच्या वापरातून धंद्याच्या वापरात करण्याचा अर्ज आला आहे, कोणाला आपत्ती, म्हणजे हरकत, असेल त्यानं तीस दिवसांच्या आत लेखी द्यावी. मी दोनदा वाचली. गणिताच्या बाईला सुद्धा एखादी ओळ दोनदा वाचावी लागते.

त्या गुरुवारी वहिनींच्या ओट्यावर भजन झालंच नाही. सगळ्या ह्याच विषयावर बोलत होत्या, आणि सगळ्यांचं मत एक नव्हतं. कोणी म्हणालं, जागा त्याची, आपण कोण सांगणार? कोणी म्हणालं, लॉन झाला तर आपल्या घरांना भाव येईल. वहिनी म्हणाल्या, "डीजे आपल्या कानाशी वाजन, तवा भाव चाटत बसा." हशा झाला आणि विषय तिथेच संपला असता. पण शेवटच्या घरातली सून, जी एरवी भजनात फक्त टाळ धरायची, तिनं विचारलं, "माझ्या सासूबाईंना लकव्यानं अंथरुणावर पडून तीन वर्षं झाली. मागच्या वेळी दवाखान्यात न्यायला गाडी गल्लीत कशीबशी आली. लग्नाच्या दिवशी दोनशे गाड्या लागल्या तर मी त्यांना कुठून नेऊ?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "मॅडम, लिहा."

मी आपत्तीचा अर्ज हिंदीत लिहिला. बावीसपैकी एकवीस घरांनी सह्या दिल्या. एक घर शेठच्या नात्यातलं होतं, त्यांनी दिली नाही. आम्ही त्यांना पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांच्याकडच्या गुरुवारी त्यांच्याकडेच बसलो.

अर्ज गेल्यावर आठ-दहा दिवसांनी शेठ स्वतः माझ्याकडे आला. चप्पल बाहेर काढली, वाकून पायाला हात लावला. त्याच्या दोन्ही मुली माझ्या वर्गातल्या.

"मॅडम, माझ्या पोरी तुमच्या हाताखाली शिकल्या. अन् तुम्हीच माझ्या विरोधात लिहून राहिल्या?"

मी चहा ठेवला.

"मी काही चोरी नाही करून राहिलो," तो म्हणाला. "जागा माझी हाय. लॉनले चाळीस फुटी रोड लागते, आपला रोड चाळीस फुटी हाय. कायद्यात बसते म्हणून अर्ज केला. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?"

मी कपबशी पुढे केली. तो चहा पिऊन, पुन्हा नमस्कार करून गेला. तो गेल्यावर मला जाणवलं की त्याच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. आणि हेही, की मी इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते.

सुनावणी पांढुर्ण्याला होती. पूर्वी अशा कामाला छिंदवाड्याला जावं लागायचं, आता जिल्हा पांढुर्ण्याचा झाला. ते माझं माहेर. आईबाप गेल्यापासून जाणं कमी झालं होतं, आणि आता चालले होते ती अर्जदार म्हणून. आम्ही आठ बायका आणि पटवारी काका बसने गेलो. वहिनींनी नवी साडी नेसली होती आणि काय काय बोलायचं ते रस्ताभर म्हणून दाखवत होत्या.

अधिकारी बाई होत्या, पस्तिशीच्या, चष्मा लावलेल्या. ऐकून घेणाऱ्या वाटल्या. वहिनी उठल्या आणि जोरात सुरुवात केली. आवाजाचं सांगितलं, गाड्यांचं सांगितलं, अंथरुणावरच्या म्हातारीचं सांगितलं. आम्ही माना डोलावत होतो. मग शेठच्या वकिलानं एक फाइल उघडून फोटो टेबलावर मांडले. आमच्या गल्लीतला एकेक ओटा, लाल शाईनं गोल केलेला. सगळ्यात वर माझ्या घराचा.

"मैडम, ये लोग रोड की बात कर रहे हैं," वकील म्हणाला. "रोड तो इन्होंने खुद दबा रखा है."

वहिनींचा आवाज तिथेच बसला. अधिकारी बाईंनी एकेक फोटो बघितला, मग आमच्याकडे बघून शांतपणे विचारलं, "आपके हिसाब से रोड कितना चौड़ा है?"

काका गुडघ्यांमुळे बाहेरच्या बाकावरच थांबले होते. मी त्या गल्लीत चोवीस वर्षं राहत होते. आयुष्यभर मुलींना लांबी-रुंदीची गणितं घातली, आणि माझ्याच दारापुढचा रस्ता किती फूट आहे ते मला माहीत नव्हतं. मी मान खाली घातली.

बाईंनी आम्हाला हाकललं नाही. त्यांनी नीट समजावलं. लॉनला चाळीस फुटांचा रस्ता लागतो आणि अर्जात तेवढाच लिहिला आहे. मंजूर नकाशाची प्रत फाइलमध्ये होती, पण निळी शाई इतकी विटली होती की रस्त्यावरचा आकडा वाचता येत नव्हता. "मी तीन आठवड्यांनी जागेवर येईन," त्या म्हणाल्या. "प्लॉट पाडताना गाडलेले हद्दीचे दगड दाखवा. त्या दगडापासून ह्या दगडापर्यंत जे निघेल ते मी मानीन."

परतीच्या बसमध्ये वहिनींनी खिडकीकडे तोंड केलं होतं.

घरी आल्यावर काकांनी मला, वहिनींना आणि आणखी चार-पाच जणींना बोलावलं आणि अंगणात काठीनं रेघा ओढून दाखवल्या. "हे पाहा. ह्या घराची भिंत, अन् ही समोरच्या घराची भिंत. भिंत ते भिंत मोजलं तर भरतील चाळीस. शेठच्या माणसानं तेच मोजलं असन. पण भिंतीपुढे पाच-पाच फूट जागा प्लॉटचीच असते, मोकळी सोडलेली. ते सोडा, तर रोड किती उरते?"

"तीस," मी म्हटलं.

"मले तरी तसं वाटते. पण वाटून काय होते? रजिस्ट्रीतली लांबी दाखवाल, तर मागचा बांध बागवाल्यांनी अन् आपण मिळून इतके वेळा सरकवला की मोजाचं कुठून? दगडच पाहिजे. मी प्लॉट घेतला तवा पाहिले होते दगड. गिट्टीचे काळे, वर फुलीची खूण."

"मग कुठी गेले ते?" वहिनींनी विचारलं.

काकांनी काठी उचलून आधी माझ्या घराकडे दाखवली, मग वहिनींच्या. "ओट्याखाली."

आम्ही सगळ्यांनीच घर बांधल्यावर पुढे ओटे बांधले होते, आणि बांधताना एक-दोन फूट पुढेच गेलो होतो. आपण गेलो म्हणून शेजारचे गेले, शेजारचे गेले म्हणून समोरचे. दगड हवा असेल तर ओटा फोडायचा. दगड निघाला नाही, तर ओटाही गेला आणि गल्लीही गेली.

"अन् दगड चाळीस फुटावरच निघाले तर?" एकीनं विचारलं.

"तर चाळीस," काका म्हणाले. "मग शेठचं बरोबर."

वहिनी उभ्या राहिल्या. "माह्या ओट्याले मी कोणाले हात लावू देणार नाही. सांगून ठेवतो. भजन कुठी करान? माही तुळस हाय तिथं." आणि त्या निघून गेल्या. त्यांचं मला चुकीचं वाटलं नाही. मलाही तेच म्हणायचं होतं, फक्त नेहमीप्रमाणे मी बोलले नव्हते.

माझा ओटा माझ्या यजमानांनी बांधून घेतला होता. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. ओटा बांधला तेव्हा माझी आई आमच्याकडे यायची, तिचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांनी मिस्त्रीजवळ दिवसभर उभं राहून पायऱ्या ठेंगण्या करून घेतल्या होत्या. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, अशा पायऱ्या कोणी बांधत नाही." हे म्हणाले होते, "माझ्या घरी बांध." संध्याकाळी त्या ओट्यावर पाय सोडून ते शब्दकोडं सोडवायचे आणि अडलं की मला हाक मारायचे.

मी तीन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, त्या ओट्यावर जाऊन बसायची आणि उठायची. वकिलाच्या फाइलमधला फोटो डोळ्यांपुढून हलत नव्हता. लाल गोलात माझं घर, माझ्या पायऱ्या, त्यांच्यावर मीच काढलेली रांगोळी. पांढुर्ण्याहून खाली मान घालून परतलेली मी मला आवडले नव्हते. हे असते तर काय म्हणाले असते, ते मला पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले असते, "अगं, आधी मोजून तर बघ."

चौथ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रीला बोलावलं. "ओटा फोडायचा आहे."

"रिपेअर का, मॅडम?"

"नाही. पूर्ण."

पहिला घाव पडला तशी गल्ली गोळा झाली. काकांनी खुर्ची मागवून ती रस्त्यात टाकली आणि काठी रोवून बसले. समोरच्या ओट्यावर वहिनी हाताची घडी घालून उभ्या होत्या, एकट्या. फरशी निघाली, विटा निघाल्या, मुरूम निघाला. मी आत जाऊन पाण्याची कळशी आणली तेवढ्या वेळात पायऱ्या गेल्या होत्या. बरंच झालं, बघावं लागलं नाही.

दुपार व्हायला आली. मिस्त्रीनं हातातली सब्बल, म्हणजे पहार, टेकवली. "इथं काहीच नाही, मॅडम. नुसता भराव हाय."

कोणीतरी मागे हळूच हसलं. माझे कान तापले. काका खुर्चीतून उठले, काठी टेकत पुढे आले आणि भिंतीकडच्या बाजूला दाखवून म्हणाले, "तू बाहेरच्या काठावर शोधून राहिला. दगड आतमध्ये असन. ओटा दगडाच्या पुढे आला ना बाप्पा. हातभर मागं खण."

हातभर मागे खणल्यावर सब्बल खणकन वाजली. मिस्त्रीनं हातानं माती बाजूला केली. काळा दगड, आणि त्यावर चिखलानं भरलेली फुली. मी कळशीतलं पाणी त्यावर ओतलं. खूण स्वच्छ दिसायला लागली. बायकांनी एकदम ओरडा केला.

मी मात्र मोजत होते. भिंतीपासून दगड पाच फुटांवर. आणि ओट्याचा काठ त्याच्या पुढे अडीच फूट. म्हणजे चोवीस वर्षं मी अडीच फूट सार्वजनिक रस्त्यावर रोज सडा घालून रांगोळी काढत होते.

"वहिनी," मी गल्लीच्या मधून हाक मारली. मला वाटतं, मी त्यांना इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच हाक मारली असेन. "माझा निघाला. तुमच्या बाजूचा पाहिजे."

वहिनी आत गेल्या. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तर समोरून ठाक-ठाक आवाज आला. बाहेर येऊन बघते तर वहिनी पदर खोचून स्वतः सब्बल मारून राहिल्या होत्या. तुळस रात्रीच कुंडीत काढून अंगणात नेऊन ठेवली होती. दोन फरश्या उखडल्या होत्या आणि त्या घामानं भिजल्या होत्या.

"पाहता काय मॅडम?" त्या ओरडल्या. "बाईमाणसानं एकटीनं फोडाचं काय हे? या ना खाली!"

मी चहा तसाच ठेवून गेले. मग शेवटच्या घरची सून आली, मग बाकीच्या आल्या, मिस्त्री आला तेव्हा अर्धं काम झालं होतं. वहिनींकडचा दगड थोडा कलंडलेला होता, पण जागेवर होता, फुलीसकट. काकांनी फुलीच्या मधोमध टेपचं टोक धरलं. त्यांना खाली बसता येत नव्हतं, तरी बसले. मी दुसरं टोक घेऊन रस्ता ओलांडला आणि माझ्या दगडावर ताणून धरलं.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"तीस."

"मोठ्यानं सांगा व बाई!"

"तीस फूट!" मी ओरडले. "तीस!"

वहिनींनी सब्बल टाकून मला कवेत घेतलं. त्यांच्या मुरमानं माखलेल्या हातांचे ठसे माझ्या साडीवर उमटले. काकांना उठवायला दोघं लागले, आणि ते उठता उठता म्हणाले, "म्या म्हटलं होतं ना. तीसच."

आमच्या दोघींचे ओटे गेले होते. बाकीच्यांनी ठेवले असते तरी मोजणीला चाललं असतं. पण ते फोटो सगळ्यांनी बघितले होते. पुढच्या दोन आठवड्यांत एकेका घरानं दगडाच्या पुढे आलेला भाग काढला. कोणी हसत काढला, कोणी चरफडत. एका घरच्या भाऊंनी तर आम्हाला ऐकू जाईल असं म्हटलं की ह्या मंडळानं भजनच करावं ते बरं. पण त्यांनीही काढला, आणि गल्लीत समोरासमोर दगडांच्या आणखी दोन जोड्या सापडल्या, त्यातला एक दगड त्यांच्याच पायरीखाली. ज्या घरानं सही दिली नव्हती, त्यांनीही काढला. शेवटी पाण्याचा टँकर पहिल्यांदाच मागे-पुढे न करता थेट शेवटच्या घरापर्यंत गेला. शेवटच्या घरची सून दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

ठरल्या दिवशी अधिकारी बाई आल्या. बरोबर दोन माणसं, टेप, वही. शेठ आणि वकील त्यांच्या गाडीतून उतरले. वकिलानं उतरताच फाइल उघडली आणि फोटो पुढे केले. बाईंनी फोटो बघितला, मग गल्लीकडे बघितलं, मग पुन्हा फोटो.

"ये ओटे कहाँ गए?"

मी वहिनींकडे बघितलं. बोलायचं काम त्यांचं. पण वहिनींनी मला खांद्याला धरून पुढे ढकललं. "मॅडम सांगतीन."

मग मी त्या काळ्या दगडाकडे बघितलं, धुतलेल्या, फुली दिसणाऱ्या. ते गणित होतं, आणि गणित मी कोणालाही समजावू शकते. मी बोलायला सुरुवात केली आणि आवाज वर्गातला आला. "मैडम, हम लोग रोड पर आगे आ गए थे. गलती थी. हमने अपने हाथ से ठीक कर दी. भिंत से भिंत चालीस है, पर ये पाँच और ये पाँच प्लॉट का है. पत्थर से पत्थर आप खुद नाप लीजिए." घाईत दीवार म्हणायचं सोडून भिंत म्हणाले. त्यांना कळलं.

टेपचं एक टोक त्यांच्या माणसानं धरलं. दुसरं धरायला त्यांचा दुसरा माणूस पुढे झाला, तर शेठ म्हणाला, "द्या, मी धरतो. मले पाहू द्या." तो गुडघ्यांवर बसला, फुलीवर टेप ठेवला आणि आकडा स्वतः वाचला. तीन जोड्या दगडांवर तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तीस.

शेठ उठला, गुडघ्यांची माती झटकली. "मले तर प्लॉटवाल्यानं चाळीसच सांगितलं होतं," तो कोणाला उद्देशून नाही असं म्हणाला. वकिलानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शेठनं हातानं थांबवलं. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल आदर वाटला, आणि तो मी लपवला नाही. आत जाऊन चहा आणला. ह्या वेळी चहा देताना मी बोलले. म्हटलं, "शेठ, तुमचं चुकलं नव्हतं. माप चुकलं होतं."

महिन्याभरानं पत्र आलं. वहिनींच्या घरी सगळ्या जमल्या, आणि पत्र माझ्या हातात दिलं. हिंदीतलं पत्र, लांबलचक वाक्यं. मार्गाची रुंदी अपुरी असल्यानं आवेदन अमान्य, जमिनीचा उपयोग आवासीयच राहील. मी मोठ्यानं वाचून संपवलं.

"म्हणजे काय व?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे आपण जिंकलो."

मग जे झालं त्याचं वर्णन अवघड आहे. कोणीतरी ढोलकी काढली. साठीच्या पुढच्या बायका, ज्यांना खाली बसायला पाट लागतो, त्या अंगणात नाचत होत्या. पटवारी काका ओट्याच्या उरलेल्या तुकड्यावर बसून काठीनं ताल धरत होते. शेवटच्या घरच्या सुनेनं पत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि घरी नेलं. अंथरुणावरच्या सासूबाईंना वाचून दाखवायचं होतं तिला. त्यांना बोलता येत नव्हतं, पण त्यांनी तिचा हात दाबला, असं ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होती.

शेठनं पुढे बायपासकडच्या मोठ्या रस्त्यावर लॉन बांधला. आमच्या जागेवर त्यानं अजून काही केलं नाही. यंदाच्या कोजागिरीला तिथे भुलाबाई उठली, तेव्हा त्याची बायको आणि धाकटी मुलगी टिपऱ्या घेऊन आल्या होत्या.

वहिनींनी जामसांवलीच्या हनुमानाला रोडग्यांचा नवस बोलला होता. तो आम्हाला कोणालाच माहीत नव्हता. मी हाक मारली आणि त्या दार लावून आत गेल्या, तेव्हाच बोलल्या होत्या म्हणे. एका शनिवारी गाडी करून सगळी गल्ली गेली. गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे रोडगे निखाऱ्यात भाजले, वांग्याची भाजी झाली, वरण झालं. पुरुष वाढत होते, बायका बसल्या होत्या. हेही आमच्या गल्लीत पहिल्यांदाच.

पंगतीत माझ्या बाजूला लोधीखेड्याच्या दोन अनोळखी बायका येऊन बसल्या. वहिनींनी त्यांना देवळात काय सांगितलं असेल ते मला कळायला वेळ लागला नाही, कारण सांगताना आवाज आमच्यापर्यंत आला होता. त्यातली एक संकोचत म्हणाली, "मॅडम, आमच्या घरामागं गोदाम होऊन राहिलं. रस्ता नाही, नाली नाही. आम्ही पंधरा घरं हाओत. आपत्ती का काय म्हणते, ते कसं लिहाचं, आमाले सांगान काय?" तिच्या हातात चारदा घडी घातलेला, पेपरातून फाडलेला कागद होता.

मी तिच्या ताटात रोडगा फोडून त्यावर तूप घातलं. "आधी जेवून घ्या," मी म्हटलं. "मग कागद उघडू."